थर्माकोलची पेटी आणि सिमेंटचं पोतं

मालगुंड, जि. रत्नागिरी
भाद्रपद

चि. बाय,

तुझं पत्र मिळालं, आणि बाबांच्या हाती पाठवलेला ठोकळाही. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला तो करडा ठोकळा मी दोन दिवस पडवीतल्या बाकावर ठेवून नुसता पाहत होतो. किनाऱ्यावरून वेचलेलं प्लास्टिक कातरलंस, वाळू-सिमेंटात कालवलंस, आइस्क्रीमच्या डब्यात ओतून ठोकळा पाडलास आणि हॉस्टेलच्या गॅलरीत पंधरा दिवस त्याला पाणी मारलंस. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवण्याआधी तो आजोबांच्या नजरेखालून जावा असं तुला वाटलं, याचा फार आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी मी तो हातोडीनं फोडला. रागावू नकोस. काँक्रीटच्या तपासणीत माझा जन्म गेला. फोडल्याशिवाय ठोकळा बोलत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. फुटलेले दोन्ही भाग उन्हात नेऊन भिंगाखाली पाहिले. बाटलीच्या चकत्या सिमेंटमधून अलगद सुटून हातात येत होत्या, पिकल्या गऱ्यातून आठळी निघावी तशा. त्या जिथून निघाल्या तिथे गुळगुळीत, चकचकीत खळगी. वाळूचा कण असा सुटत नाही. तो उपटायला गेलं तर भोवतीचं सिमेंट घेऊनच निघतो, किंवा स्वतः फुटतो.

असं का होतं ते आधी समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सिमेंट सुकून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. त्या क्रियेत कणाकणावर बारीक तंतू आणि स्फटिक उगवतात आणि शेजारच्या कणाला, वाळूला, खडीला धरतात. वाळू पाण्यानं ओली होते, म्हणून तिच्या अंगावर ते उगवतात. प्लास्टिकच्या अंगावर पाणी थांबतच नाही. अळवाच्या पानावर भात लावण्यासारखं आहे ते. तेव्हा प्लास्टिक जसंच्या तसं कालवलं की ते काँक्रीटमध्ये असतं, पण काँक्रीटचं नसतं. प्रत्येक चकती म्हणजे आत ठेवलेली एक फट.

आणि असा ठोकळा गटाराच्या कडेला, बंदराच्या रस्त्यावर बसवलास, तर चाकाखाली झिजेल आणि त्यातलं प्लास्टिक भुग्याच्या रूपानं पावसाबरोबर पुन्हा समुद्रात जाईल. आज चकती वेचता येते, भुगा वेचता येणार नाही. म्हणून हा ठोकळा प्रदर्शनात ठेवायचा तर फुटलेला ठेव, चकतीची खळगी दिसेल असा. लोक त्यातून जास्त शिकतील.

तुझा प्रश्न असा होता: किनाऱ्यावरचं सगळं प्लास्टिक सिमेंटमध्ये घालून संपवता येईल का? या प्रश्नातले ‘सगळं’ आणि ‘घालून’ हे दोन शब्द मला खटकले.

‘सगळं’ या शब्दापासून सुरुवात करतो. नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणात सुरूच्या बनाखाली कचऱ्याची जी ओळ लागली, त्यातलं एक पोतं मी अंगणात ओतून घेतलं आणि एकेक जिन्नस वेगळा केला. पाण्याच्या बाटल्या म्हणजे पेट. दुधाच्या नि मिठाच्या पिशव्या पॉलिथिनच्या. जाळ्यांचे तुकडे नायलॉनचे, दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचे. गुटख्याच्या, शाम्पूच्या, वेफर्सच्या पुड्यांत तर दोन-तीन प्लास्टिकं आणि अॅल्युमिनिअमचा वर्ख असे थर एकमेकांना चिकटवलेले, ते कोणाच्यानं सोलता येत नाहीत. पाइपाचे तुकडे पीव्हीसीचे. आणि या सगळ्यात मिसळलेले, हाताला चिकटणारे, वाऱ्यावर उडणारे थर्माकोलचे पांढरे दाणे. पोत्यावर आपण लिहितो ‘प्लास्टिक’. बाजारात सुरमई नि मांदेली एकाच टोपलीत, एकाच भावानं कोणी विकतं का? या प्रत्येक पदार्थाची रचना वेगळी, उष्णतेला वागणं वेगळं, आम्लाला वागणं वेगळं. सिमेंटच्या घरात बहुतेकांना दार आहे, पण एकाच दारानं सगळे आत जाणार नाहीत.

पहिलं दार भट्टीचं. हेच आज सर्वात मोठं आहे. चुनखडी आणि माती भाजून क्लिंकर, म्हणजे दळलं की सिमेंट होणारे खडे, करतात ती फिरती भट्टी म्हणजे विटांचं अस्तर लावलेली, किंचित उतरती, माणूस आत उभा राहील एवढी प्रचंड लोखंडी नळी. आतला माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसला तापतो, ज्वाळा तर २००० च्या घरात. पॉलिथिनचा एक किलो हा उष्णतेच्या हिशेबात एक किलो कोळशापेक्षा भारी पडतो. म्हणून पुनर्वापर न होणारं प्लास्टिक निवडून, सुकवून, कातरून कोळशाच्या जोडीला या भट्ट्यांत जाळतात. इतक्या तापमानात विषारी संयुगंही मोडतात, आणि उरलेली राख क्लिंकरमध्येच मुरते, वेगळी पुरावी लागत नाही. गोव्याच्या साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ साली सुरू झाला. गोव्यातलं असं निरुपयोगी प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांकडे जातं. आपल्या राज्यात भट्ट्या आहेत त्या मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात, गडचांदूर-घुग्घुसच्या बाजूला, कारण चुनखडी तिथे.

पण पीव्हीसी या दारानं नेऊ नये. त्यात क्लोरीन असतं. भट्टीत ते अल्कलीशी मिळून वाफ होतं, वर थंड भागात जाऊन तिथे क्षारांची पुटं धरतं आणि वाट तुंबते. सिमेंटमध्ये उतरलं तर पुढे सळई गंजवतं. म्हणून कारखाने कचरा घेताना आधी त्यातलं क्लोरीन तपासतात. पाइपाचा तुकडा आणि दुधाची पिशवी वेगळी ठेवण्याला किती किंमत आहे, ते यावरून कळेल.

या दाराला पुनर्वापर म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे जाळणं आहे, उपयोगी पडणारं जाळणं. गुटख्याच्या पुडीसाठी आज यापेक्षा चांगला उपाय माझ्या माहितीत नाही, तेव्हा त्या पुडीपुरतं ते मला मान्य आहे. स्वच्छ बाटली भट्टीत घालणं मात्र मला पटत नाही.

तू म्हणशील, रत्नागिरीत झाडगावला सिमेंटचा कारखाना आहेच की, मग चंद्रपूर कशाला? झाडगावला भट्टी नाही गं, दळण आहे. कारखाना नर्मदा सिमेंटचा होता त्या दिवसांत गुजरातेतल्या जाफराबादहून क्लिंकर समुद्रमार्गे यायचं आणि इथे जिप्सम घालून दळलं जायचं. आपल्या जांभ्याच्या सड्यावर चुनखडी नाही, म्हणून भट्टी नाही. कवी केशवसुत १८६६ साली आपल्या मालगुंडात जन्मले, तेव्हा इंग्लंडात जोसेफ अॅस्पडिनच्या पोर्टलँड सिमेंटच्या पेटंटला ४२ वर्षं झाली होती, पण आपल्याकडची घरं जांभ्याची, मातीची, शिंपले भाजून केलेल्या चुन्याची. मालगुंडचं हलकं प्लास्टिक ट्रकात भरून सह्याद्रीपार नेणं म्हणजे बरीचशी हवाच वाहून नेणं. म्हणून आपल्या किनाऱ्याला दुसरी दारं शोधायला हवीत.

दुसरं दार बाटलीचं. पेट ही दोन घटकांची गुंफलेली साखळी आहे. योग्य द्रव आणि उत्प्रेरक घेऊन सुमारे २०० अंशाला तापवली की ती कडीकडीनं उलगडते. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. एस. आर. शुक्ला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००० नंतरच्या दशकात वाया गेलेल्या पेटवर नेमकं हेच काम केलं. एका पद्धतीत एथिलिन ग्लायकॉल वापरून, दुसरीत इथेनॉलअमाइन वापरून त्यांनी साखळी तोडली आणि शुद्ध स्फटिक मिळवले. ग्लायकॉलच्या वाटेनं मिळालेल्या तुकड्यांपासून पॉलिएस्टर रेझिन करता येतं, आणि ते सिमेंटच्या जागी वाळू-खडीला बांधून काँक्रीट करता येतं. पॉलिमर काँक्रीट म्हणतात त्याला. महाग असतं, पण आम्लाला, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. याला मी रासायनिक पुनर्वापर म्हणेन, कारण पदार्थ मोडून नवं काम करणारा पदार्थ घडवला.

बाटलीला आणखी एक वाट आहे. २०१७ साली अमेरिकेत एमआयटीच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे तुझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या मुलांनी, पेटच्या कातरणावर गॅमा किरण सोडले, मग त्याची पूड करून सिमेंट आणि औष्णिक केंद्राच्या राखेत मिसळली. किरणांनी साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊन प्लास्टिक कडक होतं. नुसतं प्लास्टिक घातलं की ताकद घटते; या पुडीनं ती १५ टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली. प्रमाण मात्र सव्वा-दीड टक्क्याच्या आसपासचं, मूठभर. गॅमा किरण म्हटल्यावर दचकू नकोस. आपला हापूस अमेरिकेला जाण्याआधी कोबाल्टच्या गॅमा किरणांखालून जातो. लासलगावच्या केंद्रात २००७ साली हे सुरू झालं. राख म्हणशील तर जयगडला १२०० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र आपल्या उशालाच आहे.

 

आता माझ्या मनातल्या दाराकडे येतो; तुझा ‘घालून’ हा शब्द मला का खटकला, ते तिथे कळेल. त्यासाठी आधी आपल्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. तुला ती कोणी सांगितली नसेल.

१९८५ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी मागल्या दारी स्लॅबची खोली बांधली. गावात तेव्हा स्लॅब म्हणजे मोठं अप्रूप. मी नोकरीवरून दोन दिवसांसाठी आलो होतो. माल कालवत होते. माल घट्ट झाला की तो पाटीतून नीट उतरेना, सळ्यांच्या मधे जाईना. मुकादम ओरडायचा, पाणी वाढव. पोरगा बादली ओतायचा. मला कळत होतं, तरी वडिलांच्या देखत मुकादमाला बोलायचं धाडस झालं नाही. ५० किलोच्या पोत्यातलं सिमेंट घट्ट व्हायला क्रियेपुरतं सुमारे १२ लिटर पाणी लागतं. घट्ट झालेल्या जाळीत अडकून राहणारं पाणी धरलं तरी २० लिटरपर्यंत भागतं. त्या दिवशी पोत्यामागे ३० लिटरच्या वर गेलं असणार. जास्तीचं पाणी पुढे उडून गेलं आणि जागोजाग पोकळ वाटा ठेवून गेलं. समुद्रावरून येणारा खारा वारा त्या वाटांनी सळईपर्यंत पोचला. गंज सळईपेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीट आतून उकलतो. बारा वर्षांनी एका दुपारी छताचा परातीएवढा तुकडा आईच्या रगड्यावर पडला. ती पाच मिनिटांपूर्वीच वाटण काढून उठली होती.

त्या पाच मिनिटांनंतर पाणी हा माझ्या विचारांचा विषय झाला. कोकणच्या किनाऱ्यावर घरं पाडणारा शत्रू म्हणजे जास्तीचं पाणी. कोकण रेल्वेच्या कामाच्या दिवसांत एका ठेकेदाराच्या तपासणीच्या खोलीत मी ते पाणी कमी करणारं औषध रोज हाताळलं. काळपट तपकिरी द्रव, पिंपातून येई. सिमेंटच्या वजनाच्या अर्धा-एक टक्का टाकायचं. पत्र्याचा तीस सेंटिमीटर उंचीचा शंकू थराथरानं भरायचा, प्रत्येक थर गजानं २५ वेळा टोचायचा, आणि शंकू सरळ वर उचलायचा. औषधाशिवायचा ढीग जवळजवळ तसाच उभा राही. तेच पाणी, तेच सिमेंट, आणि औषधाचा एक पेला घातला की ढीग सावकाश बसत परातभर पसरे, पाणी न सुटता. मी ते शेकडो वेळा पाहिलं, तरी प्रत्येक वेळी थांबून पाहत असे.

ते काम असं चालतं. सिमेंटचे कण पाण्यात पडले की एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, पिठल्यात होतात तशा, आणि गुठळ्यांच्या आत पाणी कोंडतं. औषधाचे रेणू कणाच्या अंगावर बसतात आणि त्याला ऋण भार देतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, गुठळी सुटते, कोंडलेलं पाणी मोकळं होतं. मग बाहेरून पाणी कमी घातलं तरी माल वाहतो. पाणी कमी म्हणजे ताकद जास्त. किंवा तेवढ्याच ताकदीला सिमेंट कमी. ही दुसरी गोष्टही मोठी आहे, कारण जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के सिमेंटमुळे जातो, आणि त्यातला अर्ध्याहून अधिक चुनखडी भाजतानाच तिच्या पोटातून निघतो.

जपानमध्ये १९६० च्या दशकात निघालेलं हे औषध नॅप्थलीनपासून करतात. नॅप्थलीन म्हणजे कपाटातली डांबराची गोळी. तिच्या रेणूत बेंझिनची दोन षट्कोनी कडी एकमेकांना जोडलेली असतात. त्या कड्यांना गंधकाम्लानं सल्फोनेट गट लावायचा, फॉर्मलिननं रेणू ओवून छोटी साखळी करायची, आणि सोड्यानं आम्ल मारायचं. झालं औषध.

आता थर्माकोलकडे बघ. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, आकारमानानं ९५ टक्क्यांहून जास्त हवा. आकाशकंदील चिकटवताना थिनरचा थेंब सांडून थर्माकोलला भोक पडलेलं तू पाहिलं असशील. हवा निघून जाते आणि चिमूटभर चिकट पदार्थ उरतो. तो पदार्थ म्हणजे एक लांब साखळी, आणि तिच्या प्रत्येक कडीला बेंझिनचं एक षट्कोनी कडं लोंबतं. साखळी तयारच आहे, कडी तयारच आहेत. उणा आहे तो फक्त सल्फोनेट गट. प्रयोगशाळेत तो लावला, कॉस्टिक सोड्यानं उदासीन केलं, की उधाणाबरोबर महिनोन्‌महिने तरंगूनही न विरघळलेला तो थर्माकोल पाण्यात साखरेसारखा विरघळतो. आणि सिमेंटच्या कणावर बसून तेच काम करतो. हा माझ्या कल्पनेतला प्रयोग नव्हे. टाकाऊ पॉलिस्टायरीनपासून काँक्रीटचं पाणी कमी करणारं मिश्रण करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट पुढे आहे. क्रियेनंतर उरलेलं गंधकाम्ल चुन्यानं मारलं तर जिप्सम मिळतं. आणि सिमेंट दळताना ते लवकर आवळू नये म्हणून जिप्समच घालतात. झाडगावच्या दळणीला भट्टी लागत नाही, पण जिप्सम लागतं.

कागदावरचा हिशेब करून दाखवतो. एक घनमीटर थर्माकोल भरतो साधारण १५ ते २० किलो. सल्फोनेट गट आणि सोडा जोडला गेल्यावर वजन जवळपास दुप्पट होतं, म्हणजे ३० किलो धर. पोत्याला अर्धा किलो लागलं तर सिमेंटच्या साठ पोत्यांना पुरेल. एका छोट्या घराच्या स्लॅबला एवढं सिमेंट सहज पुरून उरतं. मासळीच्या फुटक्या थर्माकोल पेट्यांचा एक ढीग म्हणजे एका घराचं जास्तीचं पाणी टळलं.

अडचणी आहेत, त्याही ऐक. थर्माकोलची साखळी फार लांब असते. लांब साखळी एका वेळी दोन कणांना धरते, म्हणजे गुठळी सोडवण्याऐवजी बांधते. तेव्हा ती आधी तोडून आखूड करावी लागते किंवा प्रमाण फार जपावं लागतं. मिश्रणात हवेचे बुडबुडे जास्त धरले जातात का, तेही पाहावं लागतं. आणि समुद्रातून आलेल्या थर्माकोलला मीठ असतं, मासळीच्या पेट्यांना मासळीचं तेल. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड म्हणजे सळईचा गंज. आईच्या रगड्यावर पडलेला तुकडा विसरू नकोस. समुद्रातली कुठलीही वस्तू गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय सिमेंटजवळ न्यायची नाही. तुझ्या ठोकळ्यातली वाळू कुठली, ते पत्रात लिहिलेलं नाहीस. किनाऱ्यावरची असेल तर पुढच्या वेळी ती वापरू नकोस.

गंधकाम्लाचं काम घरी किंवा हॉस्टेलवर करायचं नाही, ही माझी सक्त ताकीद समज. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली, चष्मा-हातमोजे घालूनच. प्रदर्शनापुरतं त्याची गरजही नाही. बाजारातलं तयार औषध थोडं आण. एकाच सिमेंटचे, एकाच चाळलेल्या नदीच्या वाळूचे तीन ठोकळे पाड: एक गवंड्याच्या हातचं पाणी घालून, एक मोजून कमी पाण्याचा, एक त्याच कमी पाण्यात औषध घातलेला. २८ दिवस पाण्यात बुडवून ठेव. नुसतं वरून मारून चालत नाही, बुडवूनच ठेवायचे. मग फोड. दुसरा भरताना किती कष्ट पडतात नि तिसरा किती सहज भरतो, ते तुझ्या हातालाच कळेल. शेजारी तुझा फुटका ठोकळा आणि मासळीच्या पेटीचा एक तुकडा ठेव, आणि दोघांमधली वाट लोकांना तू तोंडानं समजावून सांग.

एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवतो. जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होतं आणि सिमेंट सुमारे ४०० कोटी टन. दहास एक हे प्रमाण पाहून काहींना वाटतं की सिमेंटच्या पोटात सगळं सहज मावेल, मग प्लास्टिक कमी कशाला करायचं? या विचारात अडकू नकोस. भट्टी घेईल ती पुडी गोळा करणारं कोणी नसेल तर ती सुरूच्या बनातच राहणार. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली आणि मखराचा थर्माकोल बराच कमी झाला, हे आपण यंदाच्या गणपतीतही पाहिलं. रसायनशास्त्र त्या बंदीची जागा घेऊ शकत नाही. बंदीनंतर जे उरतं, टाळता येत नाही, त्याच्यासाठी ते आहे. मासळीची पेटी आज तशी आहे. बर्फ धरायला तिच्याइतकी स्वस्त नि हलकी वस्तू तांडेलांना मिळत नाही, आणि आपण मासे खाणारे त्यांना दोष देऊ शकत नाही.

म्हणून माझ्या मते सर्वात अवघड काम प्रयोगशाळेत नाहीच, ते जेटीवर आहे. फुटलेली पेटी वल्ह्यानं पाण्यात ढकलली की दोन दिवसांत तिचे दाणे होतात, आणि दाणे कोणाच्यानं वेचले जात नाहीत. समुद्री कासवं अंडी घालायला येतात त्या वाळूत आपल्या किनाऱ्यावर मी ते दाणे चाळून पाहिले आहेत. पेटी अख्खी असताना, जेटीवरच, एका जाळीच्या पिंजऱ्यात टाकली गेली तर वरचं सगळं रसायनशास्त्र शक्य आहे. जयगडला आणि मिरकरवाड्याला तुझ्या ओळखीची मुलं आहेत, त्यांच्या घरी होड्या आहेत. त्यांना जाऊन विचार: महिन्याला किती पेट्या फुटतात, कुठे जातात, पिंजरा ठेवला तर टाकाल का? हे आकडे माझ्याकडे नाहीत, आणि कोणत्याही पुस्तकात तुला मिळणार नाहीत. ते तूच आणायचे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा दोन रविवार माझ्यासाठी ठेव. आपण मालगुंडचा किनारा शंभर पावलांच्या टप्प्यांनी वेचू आणि प्रत्येक जातीचं प्लास्टिक वेगवेगळं मोजू. येताना सात रिकामी पोती आण. थर्माकोलचं पोतं विणलेलं नको, बिनभोकाचं हवं, नाहीतर वाऱ्यावर सगळं मोजमाप उडून जाईल. तराजू मी माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे.

तुझे,
आजोबा